दीड फुटाची जिद्द

आमचं घर जमिनीखाली जायला नऊ वर्षं लागली.

घर हललं नाही, हं. रस्ता वर आला. सुरतेत नवागामला आमची गल्ली म्हणजे भिंतीला भिंत चिकटलेली घरं आणि मधून एक रिक्षा जेमतेम जाईल एवढी वाट. दर दोन वर्षांनी कुणीतरी यायचं आणि जुन्या रस्त्यावर नवा रस्ता घालून जायचं. जुना उकरण्याची पद्धतच नव्हती. थंडी वाढली की गोधडीवर गोधडी घालतात, तसं. घर घेतलं तेव्हा आम्ही दोन पायऱ्या चढून आत जात होतो. मग एकच पायरी उरली. मग सगळं सपाट झालं. आणि शेवटी आम्ही एक पायरी उतरून घरात शिरायला लागलो. नवीन माणूस आलं की कौतुकाने विचारायचं, "तळघर पण आहे का तुमच्याकडे?" मी म्हणायची, "नाही, हा हॉल आहे."

खाली हा हॉल आणि त्याला लागून स्वयंपाकघर, वर एक खोली, तिथे आमची दोन्ही पोरं झोपायची. पावसाळ्यात गल्लीतलं सगळं पाणी मुकाट्याने आमच्या हॉलमध्ये येऊन बसायचं. मी फळ्या लावल्या, पोती लावली, सिमेंटचा बांध घातला. पाणी बांधावरून आलं. हे (म्हणजे आमचे मालक, साड्यांच्या कारखान्यात, लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी करून आलेले) चपला हातात घेऊन पाण्यातून पलंगावर जायचे आणि वर पाय घेऊन शांतपणे म्हणायचे, "या वर्षी कमी आहे." दर वर्षी कमीच असायचं!

मीही असेच दिवस काढले असते. पण मध्ये कानबाई आली.

ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही खानदेशातली माणसं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. कानबाई म्हणजे नारळ. पण पूजेला आणून दुसऱ्या दिवशी खोबरं करण्याचा नारळ नाही. आमचा नारळ माझ्या सासूच्या सासूच्याही आधीपासूनचा. त्याला नाक-डोळे, नथ, वेणी, सगळं घालून चौरंगावर मांडायचं. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा माप गहू दळून रोट करायचे, ते भावबंदांनीच खायचे. आणि सोमवारी सकाळी चौरंगासकट कानबाई डोक्यावर घेऊन वाजत-गाजत नदीवर न्यायची. तिथे तिला पाण्याचा स्पर्श करायचा, आणि नारळ जपून परत आणायचा.

आमची कानबाई शिरपूरकडे गावी, सासूबाईंजवळ असायची. सासूबाई एकट्या, वय झालेलं, दोन्ही मुलगे सुरतेत. तेव्हा त्यांनी ठरवलं की आता कानबाई सुरतेला येणार. पहिला मान थोरल्याचा, म्हणजे आमचा. पण जिथे बसेल तिथेच कायमची राहील, असं काही त्यांनी म्हटलं नव्हतं. बघू, म्हणाल्या. दुसरं घर होतं सुरतेलगतच, कडोदऱ्याला, माझ्या धाकट्या जावेचं, शोभाचं. उंचावर, पाच पायऱ्यांचं, दारात तुळशीचं कुंड. (शोभा स्वभावाने चांगली आहे. पण त्या पाच पायऱ्यांचा उल्लेख ती दर वाक्यात करायची.)

सोळा वर्षं मी श्रावणात पिशव्या उचलून गावी जात होते. एकदा तरी कानबाई माझ्या भिंतीला पाठ लावून बसावी, माझ्या चुलीवर तिचे रोट व्हावेत, एवढंच माझ्या मनात होतं. आणि सासूबाईंनी आदल्या पावसाळ्यात आमचा हॉल पाहिला होता. त्यांची एक चप्पल तेव्हा स्वयंपाकघरात सापडली होती, तरंगत. ते त्या विसरल्या नव्हत्या. शेजारच्या काकींकडे फोन आला, त्यावर सासूबाईंनी मला एवढंच सांगितलं:

"कानबाई खाले उतरीसन घरमा येवाव नई."

खाली उतरून देवी घरात येणार नाही. संपलं.

मी फोन ठेवला आणि त्याच दिवशी गवंडी बोलावला. इकडे गवंड्याला कडिया म्हणतात. रमणकाका नाव, अंगाने किरकोळ, कानावर पेन्सिल. त्यांनी हॉलमध्ये उभं राहून वर पाहिलं, खाली पाहिलं, पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. म्हणाले, एक फूट भराव घालू, वर नवी फरशी. पण दाराची चौकट काढून वर घ्यावी लागेल, त्याला भिंत फोडावी लागेल, महिना जाईल.

कानबाईला अठरा दिवस होते.

"चौकट नंतर," मी म्हटलं. "आधी भुई. आणि एक फूट नाही, दीड."

"बेन, दरवाजो नानो थई जशे," रमणकाका म्हणाले. दार लहान होईल.

"दीड," मी म्हटलं. म्हणजे मी हिशेब असा केला की रस्ता अजून दोनदा वर आला तरी मी वरच राहिले पाहिजे. रस्त्याला माझ्याशी एकदाचं हरू दे. यांना विचारलं, तर हे म्हणाले, "तू ठरवलंयस ना? मग मला कशाला विचारतेस?" याला आमच्याकडे संमती म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रॅक्टर आला आणि कुणाच्या तरी पाडलेल्या घराचा मलबा आमच्या दारात ओतून गेला. गल्ली बंद. दूधवाला सायकल डोक्यावर घेऊन गेला आणि जाताना माझ्याकडे असं पाहिलं की पुढे आठ दिवस दूध पातळ आलं.

आता सामान कुठे ठेवायचं? बाहेर जागा नाही, वरच्या जिन्यातून लोखंडी कपाट जात नाही. मग मी डोकं चालवलं. (माझं डोकं चाललं की घरात सगळे गप्प होतात.) आधी अर्धा हॉल भरायचा, सामान त्याच्यावर चढवायचं, मग उरलेला अर्धा भरायचा. रमणकाका म्हणाले, आजपर्यंत असं कुणी केलं नाही. मी म्हटलं, आजपर्यंत कुणाकडे माझी सासू येणार नव्हती.

चार दिवस आमच्या एका हॉलचे दोन मजले होते. वरच्या मजल्यावर कपाट, पलंग, शिलाई मशीन, टीव्ही आणि हे. खालच्या मजल्यावर मी. मी खालून चहाचा कप वर करायची, हे वाकून घ्यायचे. एकदा हे पेपर वाचता वाचता, सवयीने, पाय खाली सोडायला गेले आणि सोडले ते थेट सिमेंटच्या ओल्या मालात. रमणकाकांनी थापी घेऊन ते दोन खड्डे बुजवले. तिथली फरशी अजून जरा पोकळ वाजते.

दुसरा अर्धा भरला, मागोमाग स्वयंपाकघरही, आणि मग एकेक गोष्ट कळायला लागली. खिडकी बसायच्या उंचीवर आली. उरलेल्या मलब्याचा बाहेर कट्टा झाला, तिथे गल्लीतल्या बायका येता-जाता खिडकीला टेकायला लागल्या. विजेची बटणं मांडीपाशी आली. स्वयंपाकघरातला ओटा माझ्या गुडघ्याला लागला. उभं राहून स्वयंपाक करायचा म्हणजे भाताची लावणी करत असल्यासारखं दिसायचं. शेवटी मी ओट्यासमोर पाट घेऊन बसायला लागले. सोळा वर्षांपूर्वी गावच्या चुलीपुढून उठून सुरतेला आले, उभ्याने स्वयंपाक शिकले, आणि आता भराव घालून परत खाली बसले.

आणि दार. दार उघडेना, कारण ते नव्या भुईला अडलं. मग रमणकाकांनी ते खालून दीड फूट कापलं. साडेसहा फुटांची चौकट, तीत दीड फूट भराव, राहिलं पाच फूट. कापलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. मी त्याचा पाट केला. (ओट्यासमोरचा पाट तोच.)

पहिल्या दिवशी यांचं डोकं दोनदा आपटलं. दुसऱ्या दिवशी एकदा. थोरल्या पोराचं एकदा, आणि वायरमनचं जाताना आणि येताना. हे कपाळ चोळत म्हणाले, "घरात शिरताना देवळात शिरल्यासारखं वाटतं." मला ते आवडलं. मी चौकटीच्या वरच्या पट्टीला जुन्या साडीची जाड घडी शिवून बांधली, त्यावर तोरण लावलं. तीन दिवसांत सगळे वाकायला शिकले. मला शिकावं लागलं नाही. माझी उंची चार फूट अकरा इंच. माझ्यासाठी त्या दारात काही घडलंच नव्हतं, म्हणून त्या दाराचा विचारही मी केला नाही.

मग फरशी. मोझॅकची, हिरवट पांढरी, मी स्वतः निवडलेली. तिला घिसायला मशीन आलं, ते दिवसभर घर्र घर्र फिरलं, आणि त्याचा पांढरा चिखल मी ढकलून ढकलून बाहेर काढला. बाहेर काढला म्हणजे कुठे? आता आम्ही वर होतो. तो निवांत शेजारच्या काकींच्या हॉलमध्ये गेला. त्याच काकी, ज्यांच्याकडे आमचे फोन यायचे. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, घोट्यापर्यंत पांढऱ्या.

"इतकी वर्षं तुमच्याकडे जायचं ते पाणी," त्या म्हणाल्या, "आता माझ्याकडे का?"

मी तो सगळा चिखल त्यांच्याकडून पुसून काढला, दोन दिवस. पुसता पुसता त्यांनाही भराव घालायचा सल्ला दिला. त्यांनी फडकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जा आता."

रंगाचं काम यांच्याकडे दिलं होतं. मी फिकट बदामी सांगितला होता. हे आले ते झगझगीत गुलाबी घेऊन. का, तर खात्यात सध्या हाच रंग जोरात चाललाय. मी म्हटलं, अहो, साड्या विकायच्या नाहीत, भिंती रंगवायच्या आहेत. पण दिवस उरले होते तीन. गुलाबी तर गुलाबी. शेवटच्या दिवशी मी स्वतः गुडघे टेकून सगळ्या फरशीला मेण लावलं आणि सुती कापडाने घासलं. आमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा मला माझा चेहरा दिसला. वर गुलाबी, खाली हिरवट, मध्ये मी. मला रडू आलं. आनंदानेच असावं.

शनिवारी सासूबाई आल्या. पिशवीत नारळ, मांडीवर पिशवी. रिक्षातून उतरल्या, नव्या दोन पायऱ्या बघितल्या, चढल्या, आणि सरळ आत आल्या. त्या माझ्यापेक्षाही दोन बोटं बुटक्या. दार त्यांच्या डोक्याच्या गावीही नव्हतं. चारी भिंती पाहिल्या. फरशीवर पाय घसरवून पाहिला. संध्याकाळी त्यांनी स्वतः पिशवीतला नारळ काढून माझ्या हातात दिला. शोभा म्हणाली, "ताई, छान झालंय हो. फक्त जरा वाकावं लागतं. आमच्याकडे कसं, पाच पायऱ्या चढल्या की ताठ..." तेवढ्यात तिच्या मागून आलेल्या माझ्या दिराचं डोकं आपटलं, म्हणून ते वाक्य अर्धंच राहिलं.

रविवारी कानबाई बसली. माझ्या भिंतीला, गुलाबी भिंतीला, पाठ लावून बसली. सगळी मांडामांड आतच झाली. आणि मी सांगते, त्या गुलाबीवर तिची नथ अशी उठून दिसत होती की मी यांना मनातल्या मनात माफ केलं. रोट झाले, भावबंद पोटभर जेवले, बाहेर पाऊस पडला आणि घरात थेंब आला नाही. सासूबाई दाराशी बसून गल्लीतलं पाणी वाहताना पाहत होत्या. ते काकींकडे जात होतं, पण तो विषय मी त्या दिवशी काढला नाही.

सोमवार उजाडला. बाहेर बँड, तापीच्या ओवाऱ्यावर, म्हणजे घाटावर, न्यायला टेंपो, गल्लीभर माणसं. थोरली सून म्हणून कानबाई माझ्या डोक्यावर. आमच्या भावबंदात नियम असा की एकदा डोक्यावर घेतली की नदीपर्यंत डोक्यावरून उतरवायची नाही. उतरवली तर ती तिथे नव्याने बसली. मग पुन्हा पूजा, पुन्हा रोट, पुन्हा रात्रभर जागर. यांनी आणि दिरांनी चौरंग उचलला, माझ्या डोक्यावर चुंबळीवर ठेवला. मी दोन्ही हातांनी धरला आणि वळले दाराकडे. बँडवाल्याने ढोल वाजवायला काठी वर केली.

"थांब," हे म्हणाले.

मी म्हटलं, का? मला वरचं काही दिसत नव्हतं. तोरणाची फुलं कानबाईच्या वेणीत अडकल्याचं मला जाणवलं, आणि मग मला सगळंच एकदम जाणवलं. मी दारातून जाते. कानबाई दारातून जाते. आम्ही दोघी एकावर एक दारातून जात नाही.

आता गंमत बघा. घरात बारा माणसं आणि प्रत्येकाकडे उपाय. मी गुडघे वाकवले. नाही. आणखी वाकवले. नाही. शेवटी गुडघ्यांवर बसले, तरी दिरांनी हाताने मोजून सांगितलं की अजून पाच-सहा बोटं कमी पडतात. कुणी म्हणालं चौरंग तिरका करा. नारळ घरंगळला तर काय, हा विचार सगळ्यांना एकदम सुचला आणि पुढे आलेले हात थबकले. कुणी म्हणालं खाली ठेवा, बाहेर नेऊन परत उचला. सासूबाईंनी फक्त पाहिलं, आणि म्हणणारा माणूस मागे गेला. हे कुठून तरी पहार घेऊन आले, चौकटीची वरची पट्टी उखडतो म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, कानबाई निघाली आणि तू दार मोडतोस? यांनी पहार भिंतीला टेकवली. गुलाबी रंगाचा एक पोपडा पडला.

खिडकीबाहेर गल्लीतल्या बायका ओळीने टेकून बसल्या होत्या. उत्तम जागा, आणि तीही मीच करून दिलेली. काकी पहिल्या रांगेत.

शोभा जवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, पुढच्या वर्षापासून कडोदऱ्यालाच बसवू या का? आमचं दार सात फुटांचं आहे."

तिने ते प्रेमाने म्हटलं, हे मला आजही मान्य आहे. पण मी गुडघ्यांवर, डोक्यावर चौरंग, मान अवघडलेली, दोन डोळ्यांना धारा. सोळा वर्षं वाट पाहिली, एक दिवस कानबाई माझ्या घरी राहिली, आणि तिला घराबाहेर काढता येत नाही म्हणून ती माझ्या घरून कायमची जाणार. रमणकाकांनी सांगितलं होतं ना! एक फूट सांगितलं होतं. अर्धा फूट माझा होता. निव्वळ माझ्या हट्टाचा.

सासूबाई उठल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता बोलतील ते बोलतील. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भाजी निवडायला सांगावं इतक्या सहज म्हणाल्या:

"बठीसन जाय."

बसून जा. मी म्हटलं, माय, बसून कशी जाऊ? त्या म्हणाल्या, लेकरू कसं जातं?

मग मी बसले. गुडघ्यांवरून खाली बसताना पाच बायकांनी मला धरलं, दोघांनी चौरंग धरला, आणि माझा नवा परकर कुठेतरी टर्रकन उसवला. पाय पुढे पसरले, हात वर, डोक्यावर कानबाई, आणि लागले सरकायला. आता मेणाचा विचार कुणी केला होता का? अंगावर खात्यातली गुळगुळीत साडी, खाली मी गुडघे टेकून घासलेली फरशी. पहिल्या सरकण्याला मी दोन इंच अपेक्षित धरले होते, गेले दोन फूट. यांनी पुढे येऊन दोन्ही हात पसरले, बकरी अडवावी तसे. तोरणाखालून कानबाई अशी गेली की फुलाला फूल लागलं, बस. मी उंबऱ्याच्या जागी थांबले, पाय पायरीवर सोडले, आणि उभी राहिले. बाहेर!

ढोलाची काठी जी इतका वेळ वर होती ती खाली आली. खिडकीतल्या बायकांनी हात जोडले. काकींनीसुद्धा.

तापीवर पूजा झाली, कानबाईला पाणी लागलं, आणि सासूबाई नारळ पदरात घेऊन ओवाऱ्याच्या पायरीवर बसल्या. आता हा कुणाकडे राहणार ते त्या सांगणार होत्या. शोभाने पदर पुढे केला होता. मी केला नाही. माझा परकर मागून उसवलेला होता, मी तो दोन्ही हातांनी धरून उभी होते. सासूबाईंनी मला बोलावलं, आणि नारळ माझ्या ओटीत घातला.

"जठून निंघाले इतला तरास," त्या म्हणाल्या, "तठून ती आते कसाले हाली?"

जिथून निघायला इतका त्रास पडला, तिथून ती आता कशाला हलेल! शोभासुद्धा हसली. मी रडले, आणि या वेळी आनंदानेच.

दिवाळीनंतर रमणकाकांनी भिंत फोडली आणि सात फुटांची चौकट बसवली. पुढच्या श्रावणात मी कानबाई डोक्यावर घेतली आणि ताठ मानेने दाराकडे निघाले. मागून सासूबाई म्हणाल्या, "बठ."

मी म्हटलं, माय, आता दार मोठं आहे. त्या म्हणाल्या, दाराचं काय विचारतेस, या घरातून कानबाई बसून निघते.

सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दार सात फुटांचं आहे, त्यातून उंटही जाईल. माझे गुडघे गेलेत, तरी दर श्रावणात मी फतकल मारून त्या दारातून सरकत बाहेर पडते, आणि माझ्या दोन्ही सुना मागून तालीम घेत सरकत येतात. गल्लीत नवीन भाडेकरू आले की शेजारचे त्यांना सांगतात, यांच्या घराण्यात फार जुनी रीत आहे ही, पिढ्यान्‌पिढ्यांची. मग ते भक्तिभावाने माझ्याकडे बघतात, आणि मी गंभीर चेहऱ्याने मान हलवते. (अगदी हळू. वर कानबाई असते.)